महिन्यातून एखादा सिगार आणि रोजची गर्भनिरोधक गोळी, खरंच धोका असतो का?

मांडवीकाठची
शनिवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, शेवटी आज लिहितेच. वय ३६, पर्वरीला राहते, सात वर्षांची मुलगी आहे. दुसरं मूल नको हे आमचं ठरलेलं, त्यात पाळीला अंगावरून फार जायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू करून दिली, ती एकवीस दिवसांची इस्ट्रोजेनवाली. मला ती मानवली, पाळी हलकी झाली, त्रास काही नाही.

आता मुद्दा. मी सिगरेट ओढत नाही, कॉलेजातसुद्धा कधी ओढली नाही. पण नवऱ्याचे दोन मित्र तारवटी आहेत, बोटीवरून सुट्टीला आले की सिगारचा डबा हमखास घेऊन येतात, मग आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, रात्री जेवणं झाली की सगळे बसतात आणि एक माझ्याही हातात येतो. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवसांत फारतर दोनदा. धूर मी आत घेत नाही, तोंडातच घोळवून सोडते.

गोळी सुरू करताना फॉर्मवर प्रश्न होता सिगरेट ओढता का, मी नाही लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. गेल्या महिन्यात सहज डब्यातला कागद उलगडून वाचला तर बारीक अक्षरात लिहिलेलं की ३५ वर्षांवरच्या धूम्रपान करणाऱ्या बायकांनी ही गोळी घेऊ नये. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला सिगार वेगळा, तो फुप्फुसात जात नाही. खरं आहे का हे? कुणाला पक्की माहिती असेल तर सांगा प्लीज.

म्हापशेकर
शनिवार, रात्री ११.५८

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. महिन्यातून एक म्हणजे वर्षाला बारा-पंधरा झाले, लोक दिवसाला तेवढ्या सिगरेटी ओढतात. आमची आजी आयुष्यभर विडी ओढायची, नव्वदीला गेली.

काजूबी
रविवार, सकाळी ७.१५

म्हापशेकर, तुमच्या आजीला देव बरं करो, पण आजी गोळी घेत होती का? प्रश्न नुसत्या सिगारचा नाहीये, दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं हा आहे. मला उत्तर येत नाही म्हणून मी थांबते, पण असल्या बाबतीत आजीचं उदाहरण देऊन कुणाला निर्धास्त करू नका हो.

गल्ल्यामागून
रविवार, सकाळी ९.३०

मडगावात औषधांच्या दुकानात १९ वर्षं काढली, म्हणून चार ओळी लिहितो. रोजच्या गोळ्यांचे डबे आम्ही दिवसाला कितीतरी विकतो. माला-डी तर चिठ्ठीशिवाय मिळते. तिच्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ आणि एथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मिग्रॅ असतं, २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. घेणारी बाई गल्ल्यावर घाईत असते, अर्ध्या वेळा नवरा किंवा दीर येतो, तिथं बीपी किती, तंबाखू घेता का, डोकं दुखतं का हे विचारणार कधी? खरं म्हणजे विचारायला हवं. मी हल्ली बाई स्वतः आली तर हळू आवाजात दोन प्रश्न विचारतो, वय किती आणि घरात कुणी ओढतं का. दुसऱ्या प्रश्नाने तिला अवघडायला होत नाही, आणि बऱ्याचदा मी पण कधीमधी असं उत्तर आपोआप येतं.

तुम्ही फॉर्मवर नाही लिहिलंत त्यात तुमची चूक नाही, प्रश्नच अपुरा होता. सिगरेट ओढता का असं विचारलं की विडीवाली, हुक्कावाली, सिगारवाली सगळ्याच नाही म्हणतात. तंबाखू कुठल्याही रूपात घेता का असं विचारायला हवं.

अबोली_डॉक्टर
रविवार, दुपारी १.०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, फोंड्याला. इथून तपासता येत नाही त्यामुळे तुमच्या डॉक्टरकडे जाणं आहेच, पण जाताना डोक्यात चित्र स्पष्ट असावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या गोळीत दोन हार्मोन आहेत, एक इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन (लिव्होनॉरजेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल वगैरे ही प्रोजेस्टिनचीच नावं). इथं काळजी इस्ट्रोजेनची. ते लिव्हरला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं आणि गोठणं आवरणारे, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस वगैरे, कमी करतं. त्यामुळे शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते, बहुतेक वेळा पोटरीत किंवा मांडीत, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. आता हे किती? युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ साली सगळं परत तपासून आकडे दिले ते असे, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, आणि डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडिन किंवा ड्रॉस्पिरेनोनवाली घेणाऱ्यांत ९ ते १२. म्हणजे वाढतं, पण १०,००० मधल्या बाकीच्या हजारो जणींना काही होत नाही हेही त्याच आकड्यात आहे. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, म्हणून घाबरून गोळी फेकून देऊन कुठल्याच साधनाशिवाय राहणं हा उपाय नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तंबाखूच्या धुराचं काम दुसऱ्या बाजूने चालतं. धूर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकट करतो, निकोटीनने नाडी आणि बीपी वर जातं, वाहिन्या आवळतात, आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. म्हणजे धुराचा मुख्य घाव धमन्यांवर, तिथून हार्ट अटॅक आणि पक्षाघात. इस्ट्रोजेनमुळे गोठायला तयार असलेलं रक्त आणि धुराने खरवडलेली धमनी एकत्र आली की नुसती बेरीज होत नाही, त्याहून जास्त होतं. तरुण वयात धमन्या चांगल्या असतात म्हणून निभावतं, वय वाढतं तसं निभावेनासं होतं. ३५ ची रेषा त्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा आम्हा डॉक्टरांसाठी तक्ता असतो, कुठल्या बाईला कुठलं साधन चालेल याचा, १ ते ४ असे वर्ग. इस्ट्रोजेनवाली गोळी आणि धूम्रपान, ३५ च्या आत वर्ग २, म्हणजे सहसा देता येते. ३५ किंवा पुढे आणि दिवसाला १५ पेक्षा कमी सिगरेटी असतील तर वर्ग ३, म्हणजे दुसरं काही शक्य असताना देऊ नये. ३५ च्या पुढे आणि १५ किंवा जास्त, तर वर्ग ४, देऊच नये. मांडवीकाठची, तुम्ही गोळी सुरू केलीत ३४ व्या वर्षी, तेव्हा तुम्ही रेषेच्या अलीकडे होतात. आता पलीकडे आलात, आणि त्या दिवशी तुम्हाला कुणी बोलावून परत विचारलं नाही. हे असं फार बायकांचं होतं, गोळी मानवली की पाच-पाच वर्षं तीच चिठ्ठी चालते.

मांडवीकाठची
रविवार, दुपारी २.२०

डॉक्टर एवढं लिहिलंत, देव बरें करूं. पण तक्त्यात सिगरेटी मोजल्यात, माझ्या सिगारचं काय? आणि धूर आत न घेण्याने काहीच फरक पडत नाही का?

अबोली_डॉक्टर
रविवार, दुपारी ३.१०

बरोबर पकडलंत, तक्ता सिगरेटी मोजतो, सिगारसाठी वेगळी ओळ नाही. पण ओळ नाही म्हणून सिगारवाली त्यातून सुटली असं कुठलाच डॉक्टर धरत नाही, धूम्रपान म्हणजे धूम्रपान. आणि सिगार म्हणजे सिगरेटचा थोरला भाऊ आहे असं समजा. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. सिगरेटमध्ये साधारण ८ मिग्रॅ निकोटीन असतं, सिगारमध्ये १०० ते २०० मिग्रॅ. ते सगळं शरीरात जात नाही, पण मोठा सिगार संपायला तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ तो चालूच असतो.

आता तोंडातच घोळवण्याचं. सिगारची तंबाखू आंबवून मुरवलेली असते आणि तिचा धूर सिगरेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो. अशा धुरातलं निकोटीन गालाच्या आणि जिभेखालच्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं, फुप्फुसापर्यंत जायची गरजच पडत नाही. सिगार ओढताना छाती हलकी राहते पण डोकं भणभणतं, थोडी मळमळ येते, असं कधी झालंय का? ते त्यामुळेच. धूर आत न घेतल्याने फुप्फुसाचा कॅन्सर आणि कार्बन मोनॉक्साइड याबाबतीत फरक पडतो हे मान्य, पण तोंड, घसा, अन्ननलिका यांना पूर्ण मार बसतो, आणि बाल्कांवात चार जण सिगार ओढत बसले की दोन तास तुम्ही तो धूर नाकाने आत घेतच असता.

म्हापशेकरांनी वर्षाला बारा-पंधरा असा हिशोब केलाय. हृदयाचा हिशोब असा सरळ भागाकाराने होत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की रोज एकच सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या विसावा हिस्सा नसतो, जवळजवळ निम्मा असतो. तुमचं रोजचं नाही, महिन्यातून एक-दोनदा आहे, त्यामुळे तुमचा धोका त्याहून पुष्कळ कमी आणि मला तुम्हाला घाबरवायचं नाही. पण तुम्ही ३६ च्या आहात आणि इस्ट्रोजेनशिवायची चांगली साधनं आहेत, मग हा जुगार खेळायचाच कशाला असं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही म्हणेन.

उद्याच्या उद्या एक काम करा, बीपी मोजून घ्या. वरचं १४० किंवा खालचं ९० च्या पुढे असेल तर सिगार असो नसो ही गोळी तशीही बदलावी लागते. आणि डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, चमक किंवा आंधळा ठिपका असं कधी होतं का ते आठवून ठेवा, ते अर्धशिशीचं लक्षण असेल तर इस्ट्रोजेन कुठल्याच वयात चालत नाही.

पेडण्याची_माई
रविवार, सायंकाळी ५.४५

मी वयाने मोठी आहे, गोळीबिळीचा आमचा काळ नव्हता, पण धूर तोंडातच ठेवते हे वाचून राहवलं नाही. आमच्या लहानपणी गावात बायका धुमटी ओढायच्या. फणसाच्या पानात तंबाखू घालून सुरळी करायची, एका टोकाला निमुळती, आणि काही जणी पेटलेलं टोक तोंडाच्या आत धरून ओढायच्या. शेतात वाऱ्या-पावसात विझत नाही म्हणायच्या. मी लहान, मला जादू वाटायची. त्यातल्या एका मावशीच्या टाळूला पांढरे चट्टे आले, मग गाठ आली, मग तिला भाताची पेज गिळता येईना. डॉक्टर लोक तेव्हा गावागावांत येऊन तोंडं तपासून जायचे. माझा मुलगा नंतर सांगत होता की १९७६ साली गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांच्या तोंडाची पाहणी छापून आली होती, खास ह्या उलट्या धुमटीवर.

त्या बायका पण म्हणायच्या की आम्ही काय छातीत घेत नाही. तुझा सिगार महागाचा आणि परदेशातला असेल गे बाय, पण तंबाखूचं पान ते तंबाखूचंच पान.

तिसवाडीकन्या
रविवार, रात्री ९.२०

धागा वाचून मलाही विचारावंसं वाटलं. मी २४, लग्न झालेलं नाही, मला पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) आहे आणि त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, सायप्रोटेरोनवाल्या. त्या गर्भनिरोधक नाहीयेत ना, पाळी नियमित यायला आणि पिंपल्ससाठी दिल्यात. ऑफिसची पार्टी असली की दोन-तीन सिगरेटी होतात, एकदा कॅसिनोत सिगारही झाला. मला पण लागू आहे का हे सगळं? आई डॉक्टरकडे सोबत असते त्यामुळे तिथं विचारता आलं नाही.

अबोली_डॉक्टर
सोमवार, सकाळी ६.५०

बरं झालं विचारलंस, हा प्रश्न विचारायचा राहिलेल्या मुली माझ्याकडे फार येतात. कारण पीसीओडी असो, पिंपल्स असो की गर्भनिरोध, गोळीत इस्ट्रोजेन तेच आणि रक्तात जाऊन काम तेच. डबा कुठल्या कारणासाठी दिलाय हे रक्ताला कळत नाही. उलट सायप्रोटेरोनवाल्या गोळीत गुठळीचा धोका लिव्होनॉरजेस्ट्रेलवालीपेक्षा दीड ते दोन पट असतो, म्हणून ती गरज असेल तेवढेच महिने द्यायची असते. तुझं वय २४ आहे त्यामुळे लगेच बंद कर असं मी म्हणणार नाही, पण वजन जास्त असेल, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला कमी वयात गुठळी झाली असेल, तर गणित बदलतं, आणि पीसीओडीत वजन बऱ्याचदा जास्त असतंच.

आईचं सांगते. तपासणीच्या वेळी आम्ही आईला बाहेर बसायला सांगू शकतो, आणि सांगतो. पुढच्या वेळी आत गेल्यावर एवढंच म्हण, मला दोन मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय. तू सज्ञान आहेस, तू सांगितलेलं डॉक्टर आईला सांगणार नाही.

साळावली
सोमवार, दुपारी १२.३०

मी आजवर इथं फक्त वाचत आले, हे मात्र लिहायलाच हवं. माझ्या धाकट्या बहिणीचं झालं, तीन वर्षांपूर्वी. वय ३२, गोळी सुरू करून दोनच महिने झाले होते. कधीमधी ओढायची, आम्हाला घरी कुणालाच माहीत नव्हतं. मडगावहून पुण्याला रात्रीच्या बसने गेली, खिडकीची सीट, शेजारचा झोपलेला म्हणून सबंध रात्र पाय न हलवता बसून. तिसऱ्या दिवशी परत आली तर डावी पोटरी सुजलेली, गरम, दाबलं की कळ. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर प्रवासात स्नायू आखडलाय म्हणून मलम आणि वेदनाशामक देऊन परत पाठवलं. गोळी चालू आहे का हे विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही, कारण पोटरीचा आणि त्या गोळीचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. दोन दिवसांनी जिना चढताना धाप लागली, छातीत टोचल्यासारखं झालं. तेव्हा मात्र मी १०८ लावली आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, नेलं. पायाचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आणि छातीचा सीटी केला, गुठळी पायातून फुप्फुसात गेलेली निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं, मग सहा महिने गोळ्या. आज बरी आहे, पण इस्ट्रोजेनवाली गोळी तिला आता आयुष्यात कधीच घेता येणार नाही.

त्या डॉक्टरांनी आम्हाला लक्षणं सांगितली ती मी पाठ करून ठेवलीत. एका पायाची पोटरी किंवा मांडी सुजणं आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, खोकल्यात रक्त, पूर्वी कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, अचानक कमी दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर होणं, पोटात असह्य कळ. ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे बोलायचं की मी हार्मोनची गोळी घेते. मैत्रिणींनो, ते वाक्य तेवढं विसरू नका.

काजूबी
सोमवार, दुपारी १.१५

साळावली, अंगावर काटा आला वाचताना. बहिणीला सांभाळ.

शापोरा_वारा
सोमवार, रात्री ८.४०

एक शंका. तारवटी मित्र वर्षातून ठराविक महिनेच येतात ना, मग तेवढा महिना गोळी बंद ठेवून ते गेले की परत सुरू केली तर? दोन्ही एकत्र येणारच नाहीत.

अबोली_डॉक्टर
सोमवार, रात्री ९.२५

हे कृपा करून करू नका, आणि हा विचार फार जणींच्या मनात येतो म्हणून नीट सांगते. शिरेतल्या गुठळीचा धोका गोळीच्या पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, साळावलीच्या बहिणीला दोन महिन्यांतच झालं ते बघा. चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून परत सुरू केली की तो सुरुवातीचा जादा धोका पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दरवर्षी बंद-चालू करणारी बाई दरवर्षी त्या वाईट महिन्यांतून जाते. शिवाय इस्ट्रोजेनचा रक्तावरचा परिणाम उतरायला काही आठवडे जातात, आज बंद केली आणि उद्या रक्त पूर्वीसारखं असं होत नाही, आणि मधल्या महिन्यात दिवस गेले तर ती वेगळीच गोष्ट. बदलायची तर गोळी बदला, कायमची.

काय काय आहे ते सांगते. फक्त प्रोजेस्टिनवाली गोळी मिळते, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम, ती खंड न पाडता रोज घ्यायची. धूम्रपान करणाऱ्या ३५ च्या वरच्या बाईलाही ती तक्त्यात वर्ग १ आहे. तांबी, म्हणजे कॉपर-टी, तिच्यात हार्मोनच नाही, ३८० ए दहा वर्षं चालते, पण पाळी जड असलेल्या बाईला तिने आणखी जड होऊ शकते, तेव्हा मांडवीकाठची यांना ती माझी पहिली निवड नसेल. त्यांच्यासाठी लिव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं गर्भाशयातलं साधन आहे, त्याने रक्तस्राव बराच कमी होतो. सरकारी योजनेतलं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, नुसतं धूम्रपान असेल तर चालतं, पण बीपी, साखर, वय असं बरंच एकत्र असेल तर विचार करून. आणि लग्नाच्या जोडीदाराला दुसरं मूल नकोच असेल तर पुरुष नसबंदी सगळ्यात सोपी, त्याबद्दल आपल्याकडे बोलायलाच कुणी तयार होत नाही, हे मला फार खटकतं.

गल्ल्यामागून
सोमवार, रात्री १०.०५

डॉक्टरांच्या लिस्टला एक जोड देतो, दुकानात रोज विचारतात म्हणून. ७२ तासांवाली जी तातडीची गोळी असते तिच्यात फक्त लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ असतं, इस्ट्रोजेन नसतं. म्हणजे ओढणारीला ती घेता येते. पण ती तातडीचीच, दर आठवड्याला घ्यायची नव्हे.

मांडवीकाठची
तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०.३०

परत आले. सगळ्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे. त्या सोमवारी सकाळीच आरोग्य केंद्रात बीपी मोजलं, १३८/८८ निघालं. दोन दिवसांनी परत १३६/८६. सीमेवरच. मग डॉक्टरकडे गेले आणि ह्यावेळी आत गेल्या गेल्या सांगितलं की मी सिगार ओढते. तोंडातून शब्द बाहेर पडायला जड गेलं, खोटं नाही सांगत. त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही, पेन खाली ठेवून विचारलं किती, केव्हापासून, घरात हृदयाचा त्रास कुणाला. तेव्हा मला आठवलं की बाबांना पहिला अटॅक ५२ व्या वर्षी आला होता. हे मी पहिल्या फॉर्मवर लिहिलंच नव्हतं, कारण तेव्हा तो आलाच नव्हता, दोन वर्षांत घरात केवढं बदललं बघा.

इस्ट्रोजेनवाली गोळी बंद झाली. मधले दिवस डेसोजेस्ट्रेलवाली दिली आणि गेल्या शुक्रवारी गर्भाशयातलं ते साधन बसवून घेतलं. बसवताना दोन मिनिटं पोटात जोरात कळ आली, संध्याकाळपर्यंत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले, आता थोडंथोडं डाग लागतं, ते तीन-चार महिने चालू शकतं म्हणाले. मी त्यांना विचारलं मग आता एखादा सिगार चालेल का, तर म्हणाले गोळीचा प्रश्न सुटला, धमन्यांचा तसाच आहे, बाबांचं वय लक्षात ठेवा.

मागच्या शनिवारी परत सगळे जमले होते. मी नको म्हटलं, कारणही सांगितलं, सरळ, सगळ्यांसमोर. एका मित्राची बायको नंतर स्वयंपाकघरात मागोमाग आली आणि हळूच विचारलं, कुठली गोळी म्हणालीस तू? तिचा डबा तिच्या पर्समध्येच होता. दोघींनी मिळून दिव्याखाली तो बारीक अक्षरांचा कागद वाचला. ती ३९ ची आहे.

म्हापशेकर
शुक्रवार, सकाळी ८.१०

ताई, मी ह्या धाग्यावर पहिलं उत्तर चुकीचं दिलं होतं. ते मागे घेतो आणि माफी मागतो. घरी बायकोला विचारलं तू कुठली गोळी घेतेस, लग्नाला १२ वर्षं झाली आणि मला खरंच माहीत नव्हतं. तीही इस्ट्रोजेनवालीच निघाली, वय ३८. ती ओढत नाही पण मी घरात ओढतो, आणि तिचं डोकं महिन्यातून दोनदा दुखतं, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं म्हणते. डॉक्टर, तुम्ही वर जे लिहिलंय ते हेच का? आमचं नेहमीचं क्लिनिक सोमवारशिवाय उघडत नाही.

अबोली_डॉक्टर
शुक्रवार, सकाळी ८.२५

हो, हेच असू शकतं. चमक आणि मग डोकेदुखी असेल तर इस्ट्रोजेनने पक्षाघाताचा धोका वाढतो, सोमवारची वाट बघू नका. आज म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात स्त्रीरोग ओपीडीला घेऊन जा, गोळीचा डबा सोबत न्या, तिला स्वतःला बोलू द्या. तोपर्यंत आजची गोळी घेऊ नका, कंडोम वापरा. आणि तुमच्यासाठी, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोन लाईन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे.

म्हापशेकर
शुक्रवार, सकाळी ८.३१

निघालो. डबा घेतलाय.